कांदेबाग कोणी निवडलं?

नाना त्या दिवशी भांडले असते तर मला इतकं लागलं नसतं. मे महिना, दुपारचे साडेतीन, सावद्याकडच्या एका केळी खरेदी करणाऱ्या ग्रुपच्या ऑफिसात मी प्रिंटरची वायर बदलायला गेलो होतो. आत कूलरचा तो ओला वास, बाहेर ट्रकमध्ये माल भरणारे मजूर, त्यांच्या खांद्यावर गोणपाटाच्या घड्या आणि कपड्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग, जे कशानेच निघत नाहीत. नाना आले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, बंडीच्या आतल्या खिशातून गुलाबी कागदाची चौघडी, म्हणजे केळी विकल्याच्या हिशोबाची पट्टी, काढली आणि मुनीमजींना म्हणाले, "भाऊ, ह्या पट्टीची एक पक्की कॉपी काढून दे, सोसायटीत दाखवा लागते." खरेदीच्या दिवशी लाइट नव्हती म्हणून मुनीमजींनी पट्टी हाताने कार्बन लावून लिहिली होती आणि रात्री कॉम्प्युटरला चढवली होती, आमच्याकडे हे नेहमीचंच. त्यांनी नंबर टाकला, पट्टी उघडली, प्रिंटचं बटण दाबलं, कागद बाहेर आला. नानांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, चष्म्याची दोरी कानामागे नीट केली आणि एका बोटाने एकेक ओळ करत खाली येत गेले. वजन ६२ क्विंटल ४० किलो, दोन्हीकडे तेच. माल कांदेबाग, म्हणजे केळीच्या मालाचा एक प्रकार, दोन्हीकडे तेच. भाव मात्र गुलाबी कागदावर १४५० आणि पांढऱ्यावर ११८०. आणि खाली एकूण, इकडे ९०,४८०, तिकडे ७३,६३२.

नानांचं बोट तिथेच थांबलं. मुनीमजींनी पण वाकून बघितलं आणि म्हणाले, नाना, माझंच हाताने लिहिताना चुकलं असेल, कॉम्प्युटर थोडीच चुकतो. निम्मे पैसे नानांना आधीच मिळाले होते, निम्मे यायचे होते, म्हणजे हा फरक कागदावरचा नव्हता, खिशातला होता. नाना एवढंच म्हणाले, "मी तं चौदाशे पन्नासच ऐकलं होतं भो." गुलाबी कागद जसा होता तशाच घड्यांवर दुमडून परत खिशात ठेवला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

तो कॉम्प्युटर म्हणजे मी होतो.

प्रोग्राम माझा, चार वर्षांपूर्वी लिहिलेला, मुनीमजींच्या शेजारी खुर्ची टाकून त्यांच्याकडून एकेक गोष्ट समजून घेऊन लिहिलेला. त्यामुळे त्यांनी जे वाक्य इतक्या सहज म्हटलं ते माझ्यावरच्या विश्वासाने म्हटलं होतं आणि तो विश्वास त्या क्षणी एका म्हाताऱ्या माणसाच्या कानाला खोटं पाडत होता. मी शेठना सांगितलं, नानांचा हिशोब आज थांबवा, कागद त्यांचाच बरोबर असेल, मला एक रात्र द्या. फैजपूरवरून यावलला घरी येईपर्यंत गाडीवर मी मनात कोडच वाचत होतो. जेवायला कळण्याची भाकर आणि ठेचा होता, ज्यासाठी मी एरवी दोन घास जास्तच खातो, त्या दिवशी अर्धी भाकर ताटातच राहिली.

रात्री साडेअकराला सापडलं. फॉर्मवर एक कॉम्बोबॉक्स आहे, म्हणजे दाबलं की खाली नावांची यादी उघडणारा चौकोन, माल प्रकाराचा, त्यात नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी अशी चार नावं. मुनीमजींनी त्यातलं एक निवडलं की आजच्या भावाच्या टेबलातून त्या मालाचा भाव उचलायचा, शेजारच्या चौकोनात टाकायचा, वजनाने गुणून खाली रक्कम दाखवायची, एवढंच काम. सी शार्प ही भाषा आणि फॉर्म बनवायचं विंडोज फॉर्म्स हे साधन, यांच्यात हे लावायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे सिलेक्टेड इंडेक्स चेंज्ड नावाचा इव्हेंट, म्हणजे निवड बदलली की प्रोग्रामला मिळणारी सूचना, डिझाइनरमध्ये कॉम्बोबॉक्सवर डबल क्लिक केलं की त्याचाच हँडलर, म्हणजे त्या सूचनेवर चालणारा कोड, आपोआप उघडतो, म्हणून बहुतेक सगळे तिथेच लिहितात, मी पण तिथेच लिहिलं. नवीन पट्टी करताना ते एकदम बरोबर चालतं. पण जुनी पट्टी उघडताना काय होत होतं, तर डेटाबेसमधून त्या दिवशीचा भाव यायचा, चौकोनात बसायचा, आणि पुढच्या ओळीत माझाच कोड कॉम्बोबॉक्सला सांगायचा की तू कांदेबागवर जा. तो गेला की इव्हेंट उठायचा. त्याला काय माहीत की हे मुनीमजींचं बोट नाही, माझी ओळ आहे. हँडलर इमानेइतबारे धावत यायचा, आजचा ११८० आणायचा आणि १४५० पुसून टाकायचा. आणि प्रिंट दाबलं की आधी सेव्ह, ही सोय पण मीच करून ठेवलेली, का तर एकदा लाइट गेल्यामुळे मुनीमजींच्या तीन पट्ट्या गेल्या होत्या.

मग चार वर्षं हे कळलं कसं नाही, हा प्रश्न मला जास्त छळत होता. त्याची दोन उत्तरं निघाली आणि दोन्ही सांगण्यासारखी आहेत, कारण हे काम करणाऱ्या कोणालाही ती कधी ना कधी भेटतील. पहिलं म्हणजे आधी ओळींचा क्रम उलटा होता, आधी कॉम्बोबॉक्स आणि मग भाव, त्यामुळे हँडलर यायचा, आजचा भाव टाकून जायचा आणि लगेच पुढची ओळ त्यावर जुना भाव लिहायची. चूक होतच होती, पण झाकली जात होती. दीड महिन्यापूर्वी मी फॉर्म जरा नीट लावला, भावाचा चौकोन वर घेतला आणि कोड वाचायला बरा दिसावा म्हणून कोडमधल्या ओळी पण स्क्रीनवरच्या क्रमाने लावल्या. लॉजिकला हात लावलाच नाही म्हणून पुन्हा सगळं तपासलं पण नाही. दुसरं उत्तर आणखी बारीक आहे. फॉर्म उघडतो तेव्हा कॉम्बोबॉक्सवर पहिलं नाव आधीच निवडलेलं असतं, नवती. जुनी पट्टी नवतीची असेल तर निवड नवतीवरून नवतीवर जाते, म्हणजे बदल काहीच नाही, आणि बदल नाही तर इव्हेंट पण नाही. आणि मी टेस्ट करताना दरवेळी आळसाने पहिलंच नाव घेऊन टेस्ट करायचो. नवतीवाले सगळे शाबूत राहिले, मार बसला तो पिलबाग, कांदेबाग आणि वापसीवाल्यांना.

पट्टीची तारीख एक आणि शेवटच्या सेव्हची तारीख दुसरी, अशा सगळ्या पट्ट्या काढल्या आणि एकेक पट्टीबुकाशी लावून बघितल्या. सतरा निघाल्या. त्यातल्या पाच शेतकऱ्यांच्या नावावर मूळ हिशोबापेक्षा जास्त रक्कम चढली होती, त्यांच्यापैकी अर्थातच कोणी आलं नव्हतं. पण ज्यांची कमी झाली त्यांच्यातलं पण नाना सोडून कोणी आलं नव्हतं, आणि रात्री दीड वाजता स्क्रीनवर त्या बारा नावांकडे बघताना माझे हात गार पडले.

हा इव्हेंट मला नवा नव्हता, हेच तर. माझी आणि त्याची पहिली भेट २००४ च्या आसपासची, कॉलेजच्या लॅबमध्ये, व्हीबी सिक्स या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत. बारा कॉम्प्युटर, त्यातले नऊ चालू, भारनियमनाचं वेळापत्रक दारावर चिकटवलेलं, आणि चपला बाहेर काढून आत जायचं. पहिलं मोठं प्रॅक्टिकल म्हणजे दोन लिस्टबॉक्स, म्हणजे स्क्रीनवरच्या उघड्या याद्या, आणि मध्ये बटणं, डावीकडचं निवडून उजवीकडे न्यायचं. लूप, म्हणजे एकेक ओळ घेत जाणारा कोड, शून्यापासून पुढे चालवला तर एक ओळ काढली की खालच्या सगळ्या एक घर वर सरकतात, मधली सुटून जाते आणि शेवटी एरर येतो, म्हणून शेवटून सुरुवात करून उलटं यायचं, हे मला तिथे कळलं आणि त्या दिवशी एसटीने घरी येताना मी भलताच खूश होतो. त्याच लॅबमध्ये मी बघितलं होतं की कोडमधून लिस्ट इंडेक्स, म्हणजे निवडलेल्या ओळीचा नंबर, बदलला तरी लिस्टबॉक्सचा क्लिक इव्हेंट येतो. क्लिक! कोणी माउसला हात लावलेला नाही, बोट नाही, काही नाही, आणि प्रोग्राम म्हणतो क्लिक झालं. मी सरांना विचारलं, सर म्हणाले असंच असतं, पुढे चला. आणि मी पुढे चाललो. वीस वर्षं पुढेच चालत राहिलो असं आता वाटतं.

खरं तर निवड कधी झाली असं म्हणायचं, हे मला शिकवलेलं होतं, फक्त कॉम्प्युटरवर नाही. हिवाळ्यात आई बाजारातून भरताची वांगी आणायची, बामणोदची, पांढरट हिरवी, लांबोळकी, आणि मी पिशवी धरायला सोबत. आई एक वांगं उचलणार, अंगठ्याने देठाजवळ दाबणार, तळहातावर तोलणार, कारण आकाराने मोठं पण हाताला हलकं लागलं पाहिजे, म्हणजे आत बिया कमी. मग ते ठेवणार, दुसरं उचलणार, पहिल्याकडे परत जाणार. समोर बसलेली मावशी तोवर तराजूला हात लावायची नाही. तिला माहीत होतं की उचललं म्हणजे घेतलं नाही, आईच्या हातात वांगं आहे पण आईचं मन अजून फिरतंय. आई ते पारड्यात टाकायची तेव्हाच मावशी वजनं उचलायची. पुढे जावा भाषा शिकताना तिच्या स्विंग या साधनातल्या जेलिस्ट नावाच्या यादीत गेट व्हॅल्यू इज अ‍ॅडजस्टिंग नावाची गोष्ट भेटली आणि मला ती मावशीच आठवली. यादीवर माउस दाबून खाली ओढत नेला की वाटेतल्या ओळींवरून निवड सरकत जाते आणि व्हॅल्यू चेंज्ड हा इव्हेंट पुन्हा पुन्हा येत राहतो, पण सोबत सांगतो की अजून चाललंय, थांबा. बोट उचललं की शेवटचा येतो, झालं म्हणून. जो हे विचारत नाही त्याचा प्रोग्राम वाटेतल्या प्रत्येक ओळीसाठी डेटाबेसला धावतो, म्हणजे आईने दाबलेलं प्रत्येक वांगं तोलून पिशवीत.

मावशीला कोणी काही शिकवलेलं नव्हतं.

सकाळी सहाला मी मळ्यात गेलो, दुरुस्ती न करताच. का गेलो ते मला नीट सांगता येत नाही, रात्रभर झोप नव्हती आणि घरात बसवत नव्हतं. दादा पिलं काढत होता. ज्यांनी केळी बघितली नाही त्यांना वाटतं झाड लावलं, घड कापला, संपलं, पण एका खोडाभोवती जमिनीतून पिलं येतच राहतात, एक, तीन, पाच, आणि पुढच्या बागेसाठी त्यातलं एकच ठेवायचं असतं. निमुळत्या, तलवारीसारख्या पानांचं आणि बुडाशी जाड असलेलं पिल ठेवायचं, रुंद पानाचं दिसायला टवटवीत असतं पण त्यात जोर नसतो, ते काढायचं. दादा खोडाशी वाकतो, डाव्या हाताने पानं बाजूला करतो, क्षणभर बघतो आणि विळा चालतो. चार कापली, एक उभं. ठिबकची नळी परत सरळ करून पुढच्या खोडाकडे. कापलेल्या पिलांचा पाणीदार, तुरट वास येतो, पायाखाली ती कचकच आवाज करतात. मी मागे मागे चालत होतो आणि मला जावाच्या कॉम्बोबॉक्सची एक सवय आठवत होती, जी शिकताना मला नुसती कटकट वाटली होती.

तिथे निवड बदलली की आयटम स्टेट चेंज्ड हा इव्हेंट एकदा येत नाही, दोनदा येतो. आधी जे सुटलं त्याचा, डिसिलेक्टेड म्हणून, आणि मग जे धरलं त्याचा, सिलेक्टेड म्हणून. नवीन पोरं हे बघत नाहीत आणि त्यांचा हँडलर दोनदा चालतो, कुठे बेरीज दुप्पट होते, कुठे खिडकी दोनदा उघडते, मग कोणीतरी सांगतं की आधी गेट स्टेट चेंज विचार आणि सिलेक्टेड असेल तरच पुढे जा. सगळे तेच करतात. पहिला इव्हेंट येतो, जे हातातून सुटलं त्याचं नाव घेऊन येतो, आणि हँडलरच्या पहिल्याच ओळीत त्याला परत पाठवलं जातं. मी पण शेकडो वेळा तेच लिहिलंय.

२००३ ला मी बारावी झालो. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, त्याला धुळ्याला डिप्लोमाला जायचं होतं, आधीच्या वर्षी करप्याने बाग गेली म्हणून तो थांबला होता आणि त्या वर्षी फॉर्म आणून पेटीत ठेवला होता, प्लास्टिकच्या पिशवीत, कडा दुमडू नये म्हणून. विहिरीला पाणी नव्हतं, पैसे एकाच्याच फीचे होते, आणि मळ्यात एक माणूस लागणारच होता. आप्पांनी माझं नाव घेतलं. माझे मार्क जास्त होते, हे कारण सगळ्यांना पटलं. भाऊबंदांमध्ये आप्पा अभिमानाने सांगायचे की अमळनेरला १९४५ साली तेलाचा कारखाना म्हणून सुरू झालेली विप्रो आज कॉम्प्युटरवर चालते, मग आमचा पोरगा का नाही शिकणार. मला तर कॉम्प्युटर म्हणजे काय तेही धड माहीत नव्हतं, मी निवडलं असं म्हणताच येत नाही, मला तिथे नेऊन ठेवलं गेलं. आणि तरी गावात सगळे म्हणत होते, पोराने कॉम्प्युटर घेतलं. दादा त्या संध्याकाळी काही बोलला नाही. मोटार चालू करायला गेला, विहिरीला पाणी नसताना. मला हे दृश्य वीस वर्षं माहीत आहे, पण त्या सकाळी त्याच्यामागे चालताना ते पहिल्यांदा नानांच्या पायरीवर बसण्याशी जाऊन चिकटलं आणि माझं पाऊल थांबलं.

दादाने विचारलं, काय झालं, झोपला नाही का. मी त्याला सगळं सांगितलं, पट्टी, कांदेबाग, भाव, सतरा जण. इव्हेंट, हँडलर असले शब्द न वापरता सांगितलं आणि तसं सांगताना मलाच ते जास्त स्वच्छ दिसलं. दादा विळ्याचं पातं पानाने पुसत ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे तुझ्या मशीनले समजत नाही, हात कोणी लावला ते?"

मी म्हटलं, नाही समजत. त्याला एवढंच समजतं की बदललं.

"मंग तू सांग तिले."

एवढं बोलून तो पुढच्या खोडाकडे गेला. हे इतकं सरळ आहे आणि तरी यावर किती लोकांनी किती डोकं लावलंय ते बघितलं की जरा धीर येतो, आपण एकटेच नाही म्हणून. खाली विंडोजच्या मुळात तर हा भेद आहेच, कोडने कॉम्बोबॉक्सची निवड बदलली तर विंडोज प्रोग्रामला सेल चेंजचा, म्हणजे निवड बदलल्याचा, निरोप पाठवतच नाही, कारण ज्याने बदललं त्याला माहीतच आहे. वरचे थर चढवताना तो भेद पुसला गेला. मग विंडोज फॉर्म्समध्ये सिलेक्शन चेंज कमिटेड नावाचा वेगळा इव्हेंट आहे, जो फक्त वापरणाऱ्या माणसाने बदललं तरच येतो, आणि तो प्रॉपर्टीच्या खिडकीत त्या दुसऱ्या इव्हेंटच्या जवळच दिसतो, माझ्या डोळ्यासमोर चार वर्षं होता. क्यूटी नावाच्या अशाच दुसऱ्या साधनात करंट इंडेक्स चेंज्ड कोणीही बदललं तरी येतो आणि अ‍ॅक्टिव्हेटेड फक्त माणसासाठी, तेच नाव परत निवडलं तरी येतो, आणि हे मला फार आवडतं, कारण माणसाने यादी उघडून, विचार करून पुन्हा तेच निवडलं तर ती पण निवडच आहे ना. जीटीके या आणखी एका साधनाच्या माहितीपत्रकात तर यादीतल्या निवडीच्या चेंज्ड सिग्नलबद्दल, म्हणजे तिथल्या इव्हेंटबद्दल, साफ लिहिलंय की हा नुसता इशारा समजा, कधीकधी काहीच झालेलं नसताना पण येईल. मला असं स्पष्ट लिहिणाऱ्यांबद्दल आदर वाटतो. कमीत कमी ते म्हणत नाहीत की क्लिक झालं.

घरी येऊन दुरुस्ती केली. भाव आणण्याचं काम कमिटेडवर नेलं. जुनी पट्टी भरताना एक खूण लावली, भरणं चालू आहे, आणि ती खूण असेपर्यंत फॉर्मवरचा कुठलाही हँडलर हात बांधून बसेल. ती खूण काढणं फायनली ब्लॉकमध्ये, म्हणजे एरर आला तरी चालणाऱ्या कोडमध्ये, ठेवलं, कारण भरता भरता मध्येच एरर आला आणि खूण तशीच राहिली तर मग मुनीमजी खरोखर निवडतील तेव्हा पण प्रोग्राम ऐकणार नाही, आणि ते तर याहून वाईट, माणसाने हात लावला आणि कोणी दखलच घेतली नाही. टेस्ट करताना आणखी एक निघालं. कॉम्बोबॉक्सवर फोकस असताना मुनीमजी पान खाली न्यायला माउसचं चाक फिरवायचे आणि चाकाने निवडच बदलून जायची, पिलबागची वापसी व्हायची. इथे तर हात माणसाचाच आहे, पण निवडायचं त्याच्या मनात नाही. तिथे चाक बंद केलं. आणि सगळ्यात शेवटी जे सगळ्यात आधी करायला पाहिजे होतं ते केलं, एकदा सेव्ह झालेल्या पट्टीचा भाव कुठल्याच निवडीने बदलणार नाही, बदलायचाच असेल तर वेगळं बटण, कारण लिहायचं, तारीख पडणार. भाव हा त्या दिवशी काट्यावर दोन माणसांमध्ये ठरलेला शब्द असतो. तो आजच्या टेबलातून काढायची वस्तूच नाही, आणि हे मला इव्हेंटच्या भानगडीत पडायच्या आधीच, मुनीमजींच्या शेजारी बसलो होतो तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

चारही नावं घेऊन टेस्ट केली या वेळी. नवतीवरून कांदेबाग, कांदेबागवरून नवती, कांदेबागवरून कांदेबाग.

शेठ चांगले वागले. बारा जणांचा फरक देऊ म्हणाले आणि ज्या पाचांच्या पट्टीत जास्त रक्कम होती त्यांच्याकडून काही मागायचं नाही म्हणाले. मी त्यातलं काही भरतो म्हटलं तर त्यांनी हाताने नको म्हटलं आणि विषय बदलला, आणि मला त्याने बरं वाटलं की वाईट ते अजून ठरवता आलेलं नाही. मुनीमजी मात्र दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. ते बरोबरच होतं, मी त्यांना नानांसमोर खोटं पाडलं होतं.

गुरुवारी नाना आले. तेच ऑफिस, तोच कूलर, टोपी परत गुडघ्यावर. मी मुनीमजींच्या खुर्चीवर बसलो होतो, म्हटलं नाना, चूक माझी होती, कागद तुमचाच बरोबर होता. नाना माझ्याकडे बघत राहिले, रागाने नाही, ओळख लावत असल्यासारखे. मी मॉनिटर त्यांच्याकडे फिरवला, नंबर टाकला, पट्टी उघडली. माल प्रकार कांदेबागवर गेला आणि शेजारच्या चौकोनात १४५० होता तो तसाच राहिला. नानांनी खिशातून गुलाबी कागद काढला, घड्या उघडल्या, घड्यांवर तो आता फाटायला आला होता, आणि एक बोट कागदावर, एक बोट स्क्रीनच्या काचेवर ठेवून एकेक ओळ खाली येत गेले. वजन. माल. भाव. रक्कम.

"परत उघडली तरी असंच राह्यल?"

"राहील नाना."

"मंग उघड बरं."

मी पट्टी बंद केली, परत उघडली. कांदेबाग, १४५०. त्यांनी मान हलवली. मुनीमजी उठून मागे येऊन उभे राहिले होते, ते पण बघत होते. मी माउस सोडणार तेवढ्यात नाना म्हणाले, "अजून एक डाव." मी परत बंद केली आणि परत उघडली, आणि या वेळी स्क्रीनकडे न बघता त्यांच्या बोटाकडे बघत बसलो. ते भावाच्या चौकोनावर, काचेवर टेकलेलं होतं, नखाशी चिकाचा काळा डाग. थोड्या वेळाने ते बोट उचललं गेलं. गुलाबी कागद परत त्याच घड्यांवर दुमडला आणि बंडीच्या आतल्या खिशात गेला.